सरफेसचा माणूस

राजूरमध्ये पांढरा कुत्रा पाळू नये आणि काळाही पाळू नये. चुनाभट्ट्यांकडून वारा सुटला की काळा पांढरा होतो, कोळशाच्या सायडिंगकडून सुटला की पांढरा काळा. वणी तालुक्यातल्या या आमच्या गावाने दोन्ही रंगांची सोय करून ठेवली आहे. त्यामुळे हाजरीबाबूंच्या मुलाने पुण्याहून आणून सोडलेला लॅब्रॅडोर मूळचा पिवळसर होता, हे आम्ही शेजारी केवळ बाबूंच्या शब्दाखातर मानतो.

हाजरीबाबू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण कोळसा खाणीच्या प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असतोच. टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून जन्मभर दुसऱ्यांची हाजरी लावलेला. साठाव्या वर्षी त्याची नोकरी सुटते, क्वार्टर सुटतं, रजिस्टर मात्र सुटत नाही. आमच्या बाबूंच्या रजिस्टरात दूधवाला आहे, नळ आहे, लाइन किती वाजता गेली ते आहे, आणि एका पानावर थोरल्या जावयाचे खाडेही आहेत.

बाबूंच्या मते सृष्टीत दोनच वर्ग आहेत, अंडरग्राउंड आणि सरफेस. एक खाली उतरणारा, दुसरा वर राहणारा. 1973 साली कोळसा खाणी सरकारी झाल्या, मालक बदलले, पण खाली लागलेल्या माणसाची ‘सरफेसला कधी येतो’ ही तळमळ काही बदलली नाही. त्यामुळे मुलाने ‘बाबा, याला घरातच ठेवायचं हं’ असं सांगून गाडी सुरू केली, तेव्हा बाबूंनी चष्मा पुसून निकाल दिला.

‘‘कुत्रं म्हंजे सरफेस. लिहून घ्या.’’

लिहून घेणारे तेच. नाव ब्रुनो, हुद्दा चौकीदार, कामाची जागा गेटजवळ, पाळी रात्रीची. वर धर्माचा आधारही दिला. ‘‘दत्ताच्या फोटोत पाहा. चारही कुत्रे बाहेर उभे हायेत.’’

‘‘दत्ताले तरी कुठं घर हाये?’’ काकू आतून म्हणाल्या.

काकू कुत्र्याच्या बाजूच्या होत्या असं मात्र नाही. फरशी त्यांना पुसावी लागते. तरीही त्यांनी युधिष्ठिराचं नाव काढलं. स्वर्गाच्या दारातही वाद हाच होता. इंद्र म्हणत होता कुत्रा बाहेर, आणि धर्मराज म्हणत होता, मग मीही बाहेर. बाबू म्हणाले, इंद्राचंच बरोबर होतं, तो नियमाने बोलत होता.

चौकीदार म्हणून ब्रुनोची कामगिरी काय वर्णावी! जो येईल त्याला तो चाटतो. चोर आला तर बॅटरी तोंडात धरून कपाट दाखवेल, अशी माझी खात्री आहे. ‘‘सरफेसवाले असेच असतात,’’ म्हणून बाबूंनी ते चालवून घेतलं.

खरी पंचाईत मे महिन्यात झाली. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि गेटची कडी फडक्याने उघडावी लागते. ब्रुनो जीभ जमिनीपर्यंत सोडून धापा टाकू लागला. वणीहून जनावरांचे डॉक्टर आले. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. अंगातली उष्णता मुळातच अडतीस-एकोणचाळीस डिग्री, आणि बाहेरची हवा तिच्याहून तापलेली, मग तो निवणार कसा? उन्हातून हलवा, नाहीतर दगावेल, असं ते बजावून गेले.

बाबूंनी एवढंच ऐकलं, की कामगार मेडिकल अनफिट झाला आहे. पण अनफिट माणूस खालून वर येतो, हलकं काम घेतो. वरून आत मागणारा त्यांच्या उभ्या नोकरीत हा पहिलाच! दुपारभर त्यांनी जुने दाखले आठवले. एकही सापडेना. तोवर अर्जदार स्वतःच आत आला आणि कूलरसमोरच्या दिवाणाखाली शिरून घोरू लागला. बाबूंनी वाकून पाहिलं. दिवाणाखाली म्हणजे अंडरग्राउंडच की! नोंद झाली. संध्याकाळी मुलाला फोनवर सांगितलं, ‘‘ट्रान्सफर केली त्याची.’’

खरं सांगायचं तर कुत्रा आत की बाहेर, हा प्रश्न आमच्या लहानपणी नव्हताच. घराला छपरी होती. ती आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती. तिथे आजोबा असत, बिडी असे, शेळी असे, कुत्रं असे, आणि आलेला पाहुणा आत न्यायच्या लायकीचा आहे की नाही, हेही तिथेच ठरे. मग स्लॅबची घरं झाली, छपरी गेली, ग्रिल आलं. आता माणूस काय नि कुत्रं काय, एक तर आत, नाहीतर बाहेर. आजोबांचाही प्रश्न तेव्हापासूनच सुरू झाला, पण तो विषय वेगळा.

पावसाळ्यानंतर वाघाची अफवा उठली. आमच्या जिल्ह्यात वाघाची अफवा कोणी हसण्यावारी नेत नाही. राळेगाव तालुक्यात 2018 साली अवनी वाघीण मारली गेली, तोवर तिकडच्या माणसांनी काय दिवस काढले ते आम्हाला माहीत आहे. त्यातून खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर आता बाभळींचं रान माजलंय. वाघाला ते घरासारखंच. त्या रात्री बाबूंनी गेटला कुलूप घातलं आणि आत येऊन हाजरी घेतली. दिवाणाखाली बॅटरी मारली, तर दोनऐवजी आठ डोळ्यांनी बघावं तसं काहीतरी चमकलं. बाबू दचकले. मोजले, तर चारच निघाले. पण दोनच अपेक्षित होते.

दुसरे दोन डोळे काळ्याचे. हा चौकातला गावठी कुत्रा. मालक कोणी नाही, पट्टा नाही, पण चहाच्या टपरीपासून शाळेपर्यंत हद्द त्याची. तो ब्रुनोला चिकटून बसला होता.

‘‘हाकला त्याले,’’ काकू म्हणाल्या.

बाबूंनी रजिस्टर काढलं आणि लिहिलं, ‘काळ्या, बदली कामगार.’

‘‘किती दिवसांसाठी?’’

‘‘बदली म्हंजे बदली. मीबी बदलीवरच लागलो होतो.’’

काकू फडकं घेऊन वाकल्या, दोघांच्या पायांचे ठसे पुसू लागल्या, एकाचे चुन्याचे, एकाचे कोळशाचे. ‘‘अन् फरशी पुसणारीची हाजरी कोन लावते?’’

बाबूंनी रजिस्टर मागून पुढे चाळलं. तो रकानाच आखलेला नव्हता.