बाई खरी आहे

श्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप अण्णा व आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

अण्णांचं उत्तर पोचलं. 'पाहिलं काय ते लिही, पत्रात मी-मी नको' ही तंबी लाल शाईत होती. इतिहासाचे शिक्षक निवृत्त होतात, त्यांची लाल शाई होत नाही. तेव्हा यापुढचा वृत्तांत वर्तमानपत्री थाटात. यात 'सूनबाई' म्हणजे तुमची धाकटी सून, 'नात' म्हणजे नात, आणि 'चिरंजीव' नावाचा जो इसम अधूनमधून पिशव्या उचलताना दिसेल, तो तुमचाच.

आधी आईच्या काळजीचं उत्तर. बाई खरी आहे.

सूनबाई या बाईंशी कित्येक वर्षं इंटरनेटवर बुद्धिबळ खेळतात. दिवसाला एखादी चाल, त्यामुळे एकेक डाव पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीला संपतो, आणि मधल्या काळात गुडघेदुखी, भाज्यांचे भाव आणि नवऱ्यांचे स्वभाव यांवर सविस्तर चर्चा होते. पण दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. बाईंच्या नावाशेजारी फोटोच्या जागी एक करडं मांजर. 'मांजराच्या आडून कोण बोलतंय कुणाला ठाऊक' हे आईचं फोनवरचं वाक्य चिरंजीवांच्याही मनात घर करून होतं. नेपल्सच्या स्टेशनवर मात्र एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली, तिने सूनबाईंना घट्ट मिठी मारली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिलं वाक्य बोलली: सकाळी केलेल्या चालीमुळे तुझा हत्ती जाणार आहे. ओळख पटली.

बाई सालेर्नोच्या. हयात हिशेबनीस म्हणून गेली. पटावर त्या अत्यंत उतावळ्या, दोन प्याद्यांसाठी घोडा देऊन टाकतील. उलट सूनबाई एका चालीला अख्खा दिवस घेतात. त्यामुळे प्रवासात बाई पळणार आणि सूनबाई रेंगाळणार, असा चिरंजीवांचा अंदाज होता. झालं नेमकं उलट. पॉम्पेईत शिरताच सूनबाईंनी नकाशावर खुणा करून कामं उरकावीत तशी घरं उरकायला घेतली, आणि बाई पहिल्याच भिंतीपाशी थांबल्या. इतक्या वर्षांच्या गप्पांत जगातले सगळे विषय येऊन गेले होते. कोण किती वेगाने चालतं हा विषय राहून गेला होता.

पॉम्पेई म्हणजे थोडंथोडकं प्रकरण नाही. 66 हेक्टरांचं गाव, 1748पासून खोदतायत, आणि तरी जवळजवळ तिसरा हिस्सा अजून मातीखाली आहे. तो मुद्दामच ठेवलाय, पुढच्यांकडे आणखी चांगली साधनं असतील म्हणून. 2024च्या नोव्हेंबरपासून दिवसाला वीस हजारांहून जास्त लोकांना आत सोडत नाहीत आणि तिकिटावर नाव छापतात. रस्त्यांत ओलांडायला उंच दगड बसवलेत, दोन दगडांमध्ये गाडीची चाकं जातील एवढी फट. नातीने त्या दगडांवरून उड्या मारत गाव पाहिलं. गावाविषयीची सर्वांत जास्त माहिती बहुधा तिच्याच गुडघ्यांना आहे.

बाई मात्र भिंती वाचत होत्या. या गावातल्या भिंती लोकांनी कागदासारख्या वापरल्या. खरडलेली आणि रंगवलेली अशी हजारो वाक्यं सापडली आहेत: हिशेब, शिव्या, प्रेमप्रकरणं, कोण कुठे जेवून गेला याच्या नोंदी. आणि निवडणुकीचा प्रचार! फळवाले अमक्याला पाठिंबा देतात, सोनार तमक्याला. अण्णांना आवडेल असा एक उमेदवार म्हणजे व्हातिया. नगराधिकारी होण्यासाठी उभ्या राहिलेल्या या गृहस्थाला भुरट्या चोरांचा पाठिंबा असल्याचं एका भिंतीवर रंगवलंय, दुसरीकडे रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा, आणि आणखी एकीकडे झोपाळूंचा. हे विरोधकांचं काम, असं बहुतेक अभ्यासकांचं मत. जालन्याची नगरपालिका निवडणूक जवळून पाहिलेल्या चिरंजीवांचं मत राखून ठेवलेलं आहे.

हिशेबनीस बाईंचा खरा जीव तारखांवर. गाव गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट इसवी सन 79मध्ये 24 ऑगस्टला झाला, असं पुस्तकांत आहे आणि अण्णांनीही तसंच शिकवलं असणार. पण 2018मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली नोंद मिळाली, आजच्या हिशेबाने 17 ऑक्टोबरची. कोळशाचं लिखाण फार काळ टिकत नाही, म्हणजे ते त्याच वर्षीचं असावं, आणि मग ऑगस्टमध्ये गाडलं गेलेलं गाव ऑक्टोबरात भिंतीवर लिहील कसं? बाईंच्या मते तारीख घातलेल्या नोंदीपुढे पुस्तक गैरलागू. सूनबाई म्हणाल्या की पुढच्या घरी जाऊ या. बाई म्हणाल्या, की घर दोन हजार वर्षं थांबलंय.

जेवणाचं सांगतो. एका बेकरीच्या भट्टीत 81 पाव सापडले होते, जळून कोळसा झालेले पण आकार शाबूत, आणि आठ तुकडे पाडता यावेत म्हणून वर रेघाही. रस्त्यारस्त्यावर गरम जेवणाची दुकानं: आपल्याकडे खानावळीच्या ओट्यात रांजण पुरून ठेवावेत तसे दगडी ओटे, त्यांत गोल तोंडाची मोठी मडकी बसवलेली. 2020मध्ये नीट उकललेल्या अशा एका दुकानाच्या ओट्यावर कोंबडा आणि बदकं रंगवलेली आहेत, आणि मडक्यांत बदक, डुक्कर, बकरा, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. शाकाहारी ग्राहकाची काय सोय होती, हे नातीने बाईंना विचारलं. बाईंनी बराच विचार करून वाटाण्याएवढं उत्तर दिलं: पाव.

यानंतर प्लिनी. रोमन आरमाराचा हा प्रमुख व्हेसुव्हियस फुटला तेव्हा खाडीपलीकडे मिसेनमला होता. धुराचा ढग पाहून तो जहाजं घेऊन निघाला, आधी कुतूहलापोटी, मग लोकांना सोडवायला, आणि किनाऱ्यावर स्ताबिए इथे मेला. निघताना त्याने सतरा वर्षांच्या भाच्याला 'येतोस का' विचारलं होतं. भाचा म्हणाला, मी अभ्यास करतो. तो वाचला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी त्याने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रं लिहून सगळं सांगितलं. ज्वालामुखीच्या असल्या स्फोटांना शास्त्रज्ञ आजही प्लिनीच्याच नावाने ओळखतात. गणिताची वही घरी विसरलेल्या नातीला ही गोष्ट दोनदा सांगण्यात आली. तिचा प्रश्न असा, की अभ्यास करणाऱ्याने पत्रं लिहिली म्हणून ही गोष्ट अशी आहे. मामाने लिहिली असती तर? तिच्या पुढच्या शिक्षणाची जबाबदारी अण्णांनी घ्यावी.

पण मामाचा आपल्याशी संबंध आहे. हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो आणि तोच माल इथे शंभरपट किमतीला विकला जातो, अशी तक्रार या प्लिनीने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. ज्या राखेने त्याचा जीव घेतला, तिच्याच खाली पॉम्पेईतल्या एका घरात तसलीच एक हिंदुस्थानी वस्तू दडून बसली होती. 1938मध्ये अमेदेओ माइउरी यांनी ती बाहेर काढली: हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जेमतेम 24 सेंटिमीटर उंच, हातभर बांगड्या, पायांत जाड तोडे, दोन्ही बाजूंना शृंगाराची भांडी घेतलेल्या छोट्या दासी. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या नाजूक चौरंगाचा पाय. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात.

ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि आई, नेमकी कुठे ते जरा सांभाळून वाच. 1819मध्ये पुढे राजा झालेला फ्रान्सिस बायकोमुलीसह पॉम्पेईच्या वस्तू पाहायला आला, तेव्हा तिथली काही चित्रं आणि शिल्पं पाहून त्याला इतकं अवघडल्यासारखं झालं, की त्याने ती सगळी एका खोलीत कुलूपबंद करायला लावली. ते 'गुप्त दालन' सर्वांना नियमितपणे खुलं व्हायला 2000 साल उजाडलं. आपली यक्षी त्या मंडळींत ठेवलेली. सूनबाई आणि बाई आत गेल्या. चिरंजीव नात आणि पिशव्या सांभाळत बाहेर, मग पाळीपाळीने. दालनात आणखी काय आहे, ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, ही आली कुठून? आणि इथे अण्णा, तुमच्या सूनबाईंनी पटावर कधी न दाखवलेला वेग दाखवला. भोकरदन! 1973मध्ये शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या उत्खननात तिथे अगदी याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला, शेजारच्या दासींसकट. तेरलाही तशीच बाई आहे, तिथल्या लामतुरे संग्रहालयात. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं असल्याने ती वायव्येकडून फिरून गेली की काय, यावर वाद आहे; पण घडण आपल्याकडची, असं अनेकांना वाटतं. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन, आणि तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाच्या नोंदी थेट सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर आहेत. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तिकेत पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर सांगितलं आहे, आणि तिथला माल रस्ताच नसलेल्या मुलखातून गाड्यांनी यायचा असंही. यातला रस्त्याचा भाग अण्णांना वेगळा समजावून सांगायला नको.

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, इतकी वर्षं जालना-जालना लिहीत होतीस, हे का नाही लिहिलंस? सूनबाईंनी कबूल केलं की जालन्याहून भोकरदनला त्या फक्त एका लग्नाला गेल्या होत्या.

हर्क्युलेनियमचं थोडक्यात. तिथे लाकूड टिकलंय, सरकता पडदा आणि पाळणासुद्धा. पण सकाळच्या गाडीत श्वास घ्यायला जागा नव्हती, चिरंजीव एका पायावर पोचले, आणि त्यांचं बरंचसं लक्ष दुसऱ्या पायाकडे होतं.

पेस्टम ऐसपैस आहे. ग्रीकांनी इसवी सनापूर्वी 600च्या सुमारास वसवलेलं हे गाव, मूळ नाव पोसायडोनिया, समुद्रदेव पोसायडनवरून. गवतात तीन प्रचंड देवळं उभी आहेत. सर्वांत जुन्याच्या दर्शनी बाजूला नऊ खांब, त्यामुळे ऐन मध्यावर दार यावं तिथे खांब आलाय. बाईंनी हिशेब तपासावा तसे ते खांब दोन्ही टोकांकडून मोजले. हाच समुद्रदेव ब्राँझच्या छोट्या मूर्तीच्या रूपाने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडला आणि तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात उभा आहे, हे सूनबाईंनी सांगितल्यावर बाईंनी वहीत त्याचीही नोंद केली. देवळांच्या आसपास म्हशी, आणि चक्क आपल्यासारख्या काळ्या, चिखलात बसणाऱ्या. त्यांच्या दुधाचं मोझरेला ही त्या मुलखाची शान. नातीला देवळांपेक्षा म्हशी जास्त पटल्या, आणि चिरंजीवांना चीज.

आता कामाचं. बाई डिसेंबरात जालन्याला येतायत. भोकरदन, तेर, पैठण, मग कोल्हापूर, असा त्यांचा बेत पक्का आहे, आणि सूनबाईंना फक्त कळवण्यात आलाय. अण्णांनी सोबत जावं. अण्णाही पाटीवरची ओळन् ओळ वाचतात, तेव्हा तेरला संग्रहालय बंद होण्याआधी पोचायचं असेल तर दोघांना सकाळच्या पहिल्या एसटीत बसवून द्यावं, वाटेत कोणत्याही देवळाकडे बोट दाखवू नये. बाई मांसाहार सोडायला तयार आहेत, कॉफी सोडायला नाहीत, आणि दुपारनंतर दुधाची कॉफी दिली तर त्यांना अपमान वाटतो. सामानात मोझरेला आणणार आहेत. ते चार दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून आईने त्या आठवड्यात विरजण कमी लावावं आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवावं.

कळावे, लोभ असावा.

आपले
चिरंजीव, सूनबाई व नात