पळसाला पान एकच

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे पळसकाका म्हणतात. उभी नोकरी बँकेत लोकांची खाती तपासण्यात गेली, आता झाडांची तपासतात. फरक इतकाच की तिथे चूक सापडली की लाल शाईने गोल करून सोडून देत. इथे सोडत नाहीत.

मी सापडलो तो एका म्हणीपायी. वेताळ टेकडीवर दोघे चढत होतो, महापालिकेच्या कारभाराचा विषय निघाला आणि मी सुस्कारा सोडला, "कुठेही जा काका, पळसाला पाने तीनच."

काका थबकले. वाट फुटते तिथे उजव्या हाताला खरोखरच एक पळस उभा होता. हे माझं दुर्दैव. त्यांनी खिशातून भिंग काढलं, एक फांदी खाली ओढली आणि म्हणाले, "मोजा."

"तीन."

"एक. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे, बगलेत बघा. डोळा दिसतो?"

भिंगातून पाहिलं तर खरंच ज्वारीच्या दाण्याहून लहान, लव असलेला एक डोळा देठाला टेकून बसला होता. कलमं करणारे माळी डोळा भरतात म्हणतात, तोच हा.

"आता या तिघांच्या बुडाशी शोधा."

शोधला. नव्हता. "ज्याच्या बगलेत डोळा ते पान. डोळा नाही ती पर्णिका. तीन पर्णिका मिळून हे एक संयुक्त पान. तेव्हा पळसाला पान एकच."

"पण काका, म्हण..."

"म्हण चुकलीय. शेंगही बघून ठेवा उन्हाळ्यात. एवढी लांब चपटी शेंग, आणि बी एकच, तेही पार टोकाला. मोनोस्पर्मा नाव उगीच नाही दिलं."

त्यानंतर आमच्या घरात शांतता राहिली नाही. बायको शेवग्याचा पाला निवडत बसली होती, परातभर झाला होता. काका वर्गणीची पावती द्यायला आले, परातीत डोकावले आणि म्हणाले, "वहिनी, एवढ्या वेळात पानं सहाच निवडलीत की!" शेवग्याचं पान तिहेरी संयुक्त असतं, फांदी वाटते ती पानाची शीर असते, वगैरे त्यांनी सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

दसऱ्याला तर लोक त्यांना टाळतात. आपट्याचं पान दोन दिसतं पण एक असतं, इथवर कुणाचं काही म्हणणं नाही. पण बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकतात, आणि काका दिलेलं सोनं उजेडात धरून परत करतात. "आपटा लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. हे मोठं, लांबट. हे सोनं नव्हे, कांचन आहे." तळमजल्यावरचे संस्कृतचे निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, कांचन म्हणजे सोनंच!" दोघांचं तेव्हापासून बोलणं नाही.

खरा कळस झाला वार्षिक सभेत. विषय होता फाटकाजवळचा उंबर. त्याची फळं गाड्यांवर पडतात, चिकटतात, सबब तोडावा. अध्यक्षांनी प्रस्तावना म्हणून सभेला न येणाऱ्यांना टोला हाणला, "काही सभासद म्हणजे उंबराचं फूल." काका उठले.

"उंबराला फुलं शेकड्यांनी येतात. ज्याला तुम्ही फळ म्हणता ती फुलांची बंद पिशवी आहे. आत एवढीशी गांधीलमाशीच्या भावकीतली माशी शिरते, परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. ती नसेल तर उंबराला बी नाही." एवढ्यावर थांबते तर ते पळसकाका कसले? पिशवीतून पिकलेलं उंबर काढून त्यांनी टेबलावर फोडलं. उंबर फोडून केंबरं उडवणं म्हणीत ऐकलं होतं, त्या दिवशी ती अहवालावर फिरताना पाहिली. मग १९७५चा झाडं जतन करण्याचा कायदा निघाला. परवानगीशिवाय शहरात झाड तोडता येत नाही, हे कलमासकट.

लोक कायद्याला बधले नाहीत, माशीला तर नाहीच. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एवढंच म्हणाल्या, "औदुंबर आहे तो. दत्ताचं झाड." ठराव तिथेच बारगळला. झाड वाचल्याच्या आनंदापेक्षा ते आपल्या मुद्द्यावर वाचलं नाही, याचं काकांना दुःख अधिक झालं.

पुढचा विषय थकबाकीदारांचा. खजिनदार चिडून म्हणाले, "ही बांडगुळं आहेत सोसायटीवरची." काका पुन्हा उभे. "बांडगुळाला हिरवी पानं असतात. स्वतःचं अन्न ते स्वतः करतं, झाडाकडून पाणी आणि क्षार तेवढे घेतं. शिवाय त्याच्या फळांवर फुलटोचे जगतात. ज्याला पान नाही, मूळ मातीत नाही, सगळंच दुसऱ्याचं, ती अमरवेल. थकबाकीदार अर्धे परजीवी आहेत की पूर्ण, ते आधी ठरवा आणि मग इतिवृत्तात लिहा." मला वाटतं, त्या सभेत अर्थपूर्ण असं हे एकच वाक्य बोललं गेलं. चार महिने थकवणारे एक गृहस्थ "आम्ही पाणीपट्टी भरतो, आम्ही बांडगूळ" असं स्वतःहून म्हणाले.

खोटं कशाला बोलू? आधी मला टेकडीवर झाडं दोनच जातींची दिसत, सावलीची आणि बिनसावलीची. आता पायाखालच्या पाचोळ्याकडे लक्ष जातं. वठलेल्या खोडाला ढोली दिसली तर पिंगळा आहे का, म्हणून मान वर होते. एकदा उत्साहाने म्हणून गेलो, "काका, काय दाट जंगल झालंय हो!"

"जंगल? ही लागवड आहे. बघाल तिकडे उंदीरमारी, ती मध्य अमेरिकेतली. जंगलात उंच झाडं, त्यांच्याखाली बुटकी, मग झुडपं, वेली, गवत, खाली कुजमाती असे मजले असतात. इथे सगळे तळमजल्यावरच." उतरेपर्यंत ते हेच बोलत होते, आणि दोन ठिकाणी मीच त्यांना पानझडी आणि निमसदाहरित यांतला फरक विचारला.

तुम्ही सकाळी साडेसहानंतर टेकडीवर जात असाल, तर वाट फुटते तिथून डावीकडे वळा. उजवीकडे पळस आहे, आणि भिंगं आता दोन झाली आहेत.