तीस पटाची श्रीमंती

समग्र शिक्षा योजनेत पट तीसपर्यंत असेल, तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. खडू, वीजबिल, मोडक्या खिडक्या, सगळं त्यातच. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर. म्हणजे महिन्याला ८३ रुपये. फिनेलची बाटली घेतली की झाडूचं पुढच्या महिन्यात बघू.

हे पैसेही अनेकदा मार्चच्या तोंडावर येतात आणि महिनाअखेर संपवायचे असतात. वर्षभर हात आखडून बसलेले मुख्याध्यापक मग लग्नघरातल्या वधूपित्यासारखे पावत्या गोळा करत धावतात. पावती नसली तर खर्च झालाच नाही; खिडकी बसली की नाही, हा प्रश्न तसा गौण.

यावर लक्ष ठेवायला शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडाही तिनेच करायचा. कायदा उत्तमच. पण सभा भरते ऐन खुरपणीच्या दिवसांत, भर दुपारी. त्यामुळे इतिवृत्ताची वही संध्याकाळी घरोघरी फिरते आणि शेतातून परतलेल्या माउल्या चुलीपुढे बसून ठराव सर्वानुमते मंजूर करतात.

विद्यार्थ्यांचा सहभाग मात्र खराखुरा. पावसाळ्यात गळतीखालची बादली कोणी ओतायची, याच्या पाळ्या त्यांनी स्वतःच लावल्यात.

पालकांना माहितीही वेळेवर मिळते. व्हॉट्सॲप गटावर काल साहेबांच्या भेटीचे बावीस फोटो आले. छत एकाही फोटोत नाही.