भाऊसाहेबांची नामंजूर रजा

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील वैराग गावी पहाटे चारच्या सुमारास कुत्र्यांचा जो सामुदायिक गलबला उठतो, त्यावरून भाऊसाहेब धावावयास निघाले एवढे ओळखून लोक कूस बदलतात. महसूल खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या आणि तदनंतर मॅरेथॉनच्या नादी लागलेल्या गृहस्थांचे जे एक नवे गोत्र अलीकडे तालुक्यातालुक्यांतून उदयास आले आहे, त्याचे भाऊसाहेब हे आमच्या गावातील मूळपुरुष होत. वैरागहून बार्शी जवळजवळ अर्ध्या मॅरेथॉनच्या अंतरावर यावी, हा भूगोलाचा योगायोग त्यांना ईश्वरी संकेत वाटतो.

नोकरीत असताना याच गृहस्थांनी विश्रांतीचे शास्त्र पराकोटीस नेले होते. नैमित्तिक रजा पुढील सालात नेता येत नाही हे जाणून डिसेंबरअखेर तिचा फडशा पाडणे, अर्जित रजा मात्र जपून साठवून निवृत्तीच्या वेळी तिचे रोख रुपये करणे, आणि दुपारच्या भोजनोत्तर जमाबंदीच्या दप्तरावर मान टेकवून ‘साहेब फिरतीवर आहेत’ असे शिपायाकडून वदवणे, यांत त्यांनी कधी कसूर केली नाही. असा हा रजेच्या नियमांचा महापंडित स्वतःच्या पायांचा वरिष्ठ झाला मात्र, आणि त्याने त्यांचे अर्ज एकामागून एक नामंजूर करण्याचा सपाटा लावला.

अर्ज तर रीतसर येत होते. अंथरुणातच नाडी मोजून ती वहीत टिपण्याचा भाऊसाहेबांचा परिपाठ आहे. साठीच्या आत रमणारी ही नाडी पंधरवड्यात सत्तरीकडे सरकली, तेव्हा ‘हृदयास उत्साह आला’ असा शेरा त्यांनी समोर मारला. रस्ता तोच, अंतर तेच, पण दम अधिक लागे आणि वेळही. त्यावर घड्याळ बिघडले असे ठरवून त्यांनी ते नातवाकरवी दुरुस्तीस धाडले. झोप मध्यरात्री मोडू लागली, तिला त्यांनी ब्राह्ममुहूर्ताची पूर्वतयारी मानले. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी दिसताच ज्यांची मुद्रा खुले, ते ताट बाजूस सारू लागले, सर्दी मुक्कामास राहिली, आणि पाव लिटर दुधावरून दूधवाल्याशी जो तंटा झाला त्याची मिसल अद्याप गल्लीत चालू आहे.

वास्तविक यात गूढ असे काही नाही. दीर्घ धावण्याने स्नायूंतील साखरेचा साठा रिता होतो, तंतूंना सूक्ष्म इजा होतात, आणि त्यांची डागडुजी होऊन पूर्वीहून किंचित अधिक बळ येते ते धावताना नव्हे, तर नंतरच्या निद्रेत व विसाव्यात; ही डागडुजी पुरी होण्याआधीच नवी झीज लादत गेले, की परिश्रमच अंगावर उलटतात आणि तो थकवा निघण्यास आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यास दोन मुक्काम करते, ते काही विठ्ठलाची ओढ ओसरली म्हणून नव्हे.

हे पटवून देण्यासाठी मी त्यांना खाशाबा जाधवांची हकिकत सांगितली. 1952 साली हेलसिंकीस जपानच्या इशीशी प्रदीर्घ झुंज दिल्यावर नियमाने मिळावयाचा अर्ध्या तासाचा अवकाश न देताच खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले, हरकत घेण्यास आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कांस्याचे राहिले. भाऊसाहेबांचे डोळे पाणावले. “पाहा,” ते म्हणाले, “म्हणूनच कार्यालयात कोणी ना कोणी कायम हजर असले पाहिजे!” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन किलोमीटर वाढवले.

अखेर निदान केले ते वहिनींनी, आणि तेही नाडीला हात न लावता. घरी परतल्यावर बूट कोनाड्यात न ठेवता उंबऱ्यापाशीच टाकून देणे, आणि माडीचा जिना कठड्याला धरून चढणे, एवढा पुरावा त्यांना पुरेसा झाला. “अहो, आठवड्याची सुट्टी सरकारसुद्धा देतं. तुमच्या पायांची भरती काय रोजंदारीवर झालीय?” या प्रश्नात सेवानियमांचा मुद्दा असल्याने तो भाऊसाहेबांच्या अंतःकरणाला थेट भिडला. त्याच सायंकाळी त्यांनी स्वहस्ते फर्मान काढले: दर रविवारी पायांस पूर्ण रजा, दर चौथ्या आठवड्यास अंतर निम्मे, नाडी चढलेली आढळल्यास अर्जाविना सुट्टी. खाली तारीख, सही आणि जावक क्रमांक.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम समाचारास गेलो. भाऊसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत पूर्ण वेळ रजेवर होते आणि रजेतील कर्मचाऱ्यास हालचाल वर्ज्य असल्याने चहा, चष्मा, वर्तमानपत्र, पायाखाली उशी, पुन्हा चहा, कोमट पाणी, पंख्याचा वेग आणि नाडीची वही यांसाठी क्रमाक्रमाने हाका मारीत होते. वहिनी स्वयंपाकघर आणि ओसरी यांमध्ये अखंड खेपा घालीत होत्या. मला निरोप देण्यास त्या दारापर्यंत आल्या आणि पदराने कपाळ टिपीत हलक्या आवाजात म्हणाल्या, “भावजी, यांना उद्या बार्शीपर्यंत पळू द्या. यांची विश्रांती काही मला झेपायची नाही.”