वाजवून घेतलेलं हेल्मेट

पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात हेल्मेट घ्यायला आलेला गृहस्थ आधी ते हातात घेतो आणि वाजवून पाहतो. बोटं दुमडून टकटक, उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ वाजवून घेतात तसं. आवाज बद्द आला तर चेहरा पडतो, खणखणीत आला तर मान डोलते. दुकानदार मुरलेला असेल तर तो आणखी एक पायरी चढतो. ‘काका, हे बघा,’ म्हणत हेल्मेट फरशीवर दाणकन आपटतो, उचलून दाखवतो. ओरखडासुद्धा नाही! काका खूश होऊन नेमकं तेच हेल्मेट बांधून घेतात. वास्तविक त्या क्षणी दुकानातलं तेवढं एक सोडून दुसरं कुठलंही घ्यावं.

कारण आपण वाजवतो ते कवच. ते प्लास्टिकचं असो की फायबरग्लासचं, त्याचं काम मार एका जागी न ठेवता पसरवण्याचं आणि अणकुचीदार काही आत न येऊ देण्याचं. मार पचवतो तो आतला थर, आणि हा थर म्हणजे चक्क थर्माकोल. जरा दाट जातीचा, पण थर्माकोलच. गणपतीच्या मखरातून त्याला महाराष्ट्राने २०१८ मध्ये हद्दपार केलं, डोक्यावरून मात्र कुणी हलवू शकलेलं नाही. डोकं रस्त्यावर आदळलं की हा थर चिरडतो. चिरडायला त्याच्याकडे जेमतेम तीनएक सेंटिमीटर जागा असते, पण तेवढ्यात डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. कवटीच्या आत तरंगणाऱ्या मेंदूच्या हिशेबात ही उसंत फार मोठी.

थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात डोक्यासकट आदळलेलं हेल्मेट वरून कितीही धडधाकट दिसलं तरी ते आतून संपलेलं असू शकतं. आपल्याकडे हे पटवणं अवघड. ज्या घरात जुन्या चादरीची उशीची खोळ होते, खोळीचं फडकं होतं आणि फडक्याचं पायपुसणं होतं, त्या घरात एकदाच उपयोगी पडून टाकून द्यायची वस्तू कुणाला रुचणार? ‘अहो, काही झालेलं नाही त्याला,’ असं म्हणून ते पुन्हा खुंटीवर जातं. काही झालं नाही ते डोक्याला. त्याला झालं म्हणूनच नाही झालं.

हे शहाणपण माणसाला बऱ्याच उशिरा आलं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. युद्धकाळात निरोप घेऊन धावणाऱ्या लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा ते तपासत राहिले, १९४१ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे १९४३ मध्ये त्यांनी रबराच्या आणि लगद्याच्या हेल्मेटची तुलना केली. टणक, उसळणाऱ्या रबरापेक्षा दबणारा लगदा डोकं जास्त राखतो, असं दिसलं. सामान्य ब्रिटिश नागरिकाला हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र १९७३ साल उजाडलं. तेव्हा या बाबतीत आपणच तेवढे हट्टी आहोत असं मानून पुणेकरांनी उगाच फुशारून जाऊ नये. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा इथे हेल्मेटविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली होती हे खरं. पण पुण्यात कृती समिती कशाची नसते?

आता शिक्क्यांकडे वळू. शिक्क्यावर आपली अपार श्रद्धा. भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवताही येत नाही आणि विकताही येत नाही. साहजिकच पुलाखाली दोरीला टांगलेल्या प्रत्येक हेल्मेटवर ते चिन्ह असतं. चिन्ह छापणं हेल्मेट बनवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. खऱ्या चिन्हाच्या डोक्यावर ‘आयएस ४१५१’ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे कारखान्याचा परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही, ते कळतं. दुकानात उभं राहून हे करताना दुकानदाराच्या चेहऱ्यावरचे भाव पाहावेत; निम्मी तपासणी तिथेच होऊन जाते.

चिन्ह खरं असूनही फसगत होऊ शकते. बांधकामावरची पिवळी टोपी घालून ऐटीत स्कूटर हाकणारे महाभाग आपण पाहतोच. त्या टोपीवर अस्सल आयएसआय असू शकतं. फक्त क्रमांक असतो २९२५, म्हणजे औद्योगिक कामासाठी. वरच्या मजल्यावरून पाना पडला तर ती उपयोगी. स्वतः पडलात तर तिचा काही संबंध नाही.

परदेशी शिक्क्यांचे स्वभाव आणखी मजेदार आहेत. अमेरिकेचं डीओटी हे निर्मात्याने स्वतःच स्वतःला द्यायचं प्रमाणपत्र. माझा माल नियमात बसतो असं तो लिहितो आणि विकतो. सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. युरोपच्या ईसीईचा खाक्या उलटा. आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत परीक्षा, मग विक्री. त्याची पट्टी हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेली असते आणि वर्तुळात ई अक्षराबरोबर देशाचा आकडा असतो, जर्मनीचा १, इटलीचा ३. हनुवटीपुढचा भाग नुसता दिखाऊ असेल तर त्या पट्टीवर ‘एनपी’ असं लिहावं लागतं, म्हणजे हा भाग संरक्षण देत नाही. विकायच्या वस्तूवर असं कबूल करायला लावणारा नियम मला मनापासून आवडतो. स्नेलचा शिक्का तर एका दुःखातून आला. पीट स्नेल हा शर्यतपटू १९५६ मध्ये अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने हेल्मेट तपासणारी संस्था उभी राहिली.

या गर्दीत मला विचाराल तर परवाना जुळणारं आयएसआय ही किमान अट. त्याशिवाय पुढे बोलूच नये. त्याच्या जोडीला ईसीई २२.०६ असेल आणि खिसा हो म्हणत असेल तर उत्तम. या नव्या आवृत्तीत डोकं तिरकं घासत आदळलं तर काय होतं हेही तपासतात, आणि रस्त्यावर माणूस सहसा तिरकाच पडतो.

‘शहरात कुठे एवढा वेग असतो?’ हा पेठेतला लाडका प्रश्न. युरोपच्या नियमातली मुख्य आदळणी वर्षानुवर्षं सेकंदाला साडेसात मीटर वेगाने होत आली आहे. म्हणजे ताशी २७ किलोमीटर. टिळक रोडवर संध्याकाळी सिग्नल सुटल्यावर आपण असतो साधारण त्याच वेगात. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून डोकं खाली पडलं तर जमिनीवर पोचताना वेग तेवढाच होतो. तो कमी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी गॅलरीत जाऊन एकदा खाली पाहावं.

शिक्का पाहून झाला की माप. इथे आपली शाळेच्या गणवेशाची सवय आडवी येते. ‘एक नंबर मोठंच द्या.’ पन्नाशीच्या माणसाला वाढत्या अंगाचं हेल्मेट कशासाठी? भुवयांच्या थोडं वर टेप धरून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेटवर ५८० असं लिहिलेलं असतं ते मिलिमीटर. नवं हेल्मेट गालांवर घट्टच बसायला हवं. ते डावी-उजवीकडे हलवलं की गालाची कातडी बरोबर सरकली पाहिजे. पट्टा लावून मागून वर लोटून पाहावं. पुढे निघून आलं तर अपघातात ते तुमच्या आधी रस्त्यावर पोचेल. दहा मिनिटं दुकानात घालूनच बसावं. कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं तर आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसरी कंपनी बघावी. लोक हसतील. हसू द्यावं. आणि पट्टा लावावाच. पुण्यात तो वाऱ्यावर फडफडण्यासाठी दिलेला असतो अशी एक समजूत आहे.

एवढं सगळं पाहून घेतलेलं हेल्मेट पुढच्याचं. मागच्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये दोन्ही डोकी आहेत, घरात मात्र दुसरं हेल्मेट म्हणजे पोलिसाला दाखवायची अर्धी वाटी. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

मघाचे काका सपत्नीक आले होते. स्वतःचं झाल्यावर दुकानदाराला म्हणाले, ‘हिच्यासाठी हलकं, स्वस्तातलं काहीतरी दाखवा.’

काकू इतका वेळ पिशवी सांभाळत उभ्या होत्या. ‘स्वस्तातलं का म्हणून? पडताना मी काय वेगळी पडणार आहे?’

दुकानदाराने मुकाट्याने टेप काढली. ‘काकू, अंबाडा जरा खाली घ्यावा लागेल.’

‘घेते की. पण रंग पांढरा नको. ह्यांचा पांढरा आहे, उद्या माझंच घालून जातील.’