नवशिक्यांसाठी परासरण, अर्थात पचडीला पाणी का सुटते

सर्वात आधी भाषा ठरवून घ्यावी. हुबळीत ती ठरवल्याशिवाय कुठलाही प्रयोग सुरू करू नये.

माझी भाची कन्नड माध्यमात नववीला आहे. एका रविवारी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, अभिसरणावर कशाकशाचा परिणाम होतो ते प्रयोग करून लिहायचंय." मी हौसेने हृदयाचे चार कप्पे काढले. शुद्ध रक्त तांबड्या पेन्सिलीने, अशुद्ध निळ्या, महाधमनीला झोकदार बाण. पाऊण तास तिने निमूट ऐकले आणि मग विचारले, "पण ह्यात बटाटा कुठं येतो?"

मराठीत अभिसरण म्हणजे रक्ताचे फिरणे. कन्नड पुस्तकात अभिसरण म्हणजे आपले परासरण. विसरण मात्र दोन्हीकडे विसरणच, त्यामुळे गाफील माणूस आणखी फसतो. नवशिक्याने ही पहिली चूक इथेच टाळावी. (दोन्ही अर्थांचा अभिसारिकेशी संबंध जोडण्याचा मोहही टाळावा. आज्जी घरात असते.)

आता परासरण म्हणजे काय, ते पाहायला आमच्या बोळाच्या तोंडाशी या. बोळ जिथे लॅमिंग्टन रोडला मिळतो तिथे कोणीतरी लोखंडी दांडे रोवले आहेत. माणूस अंग चोरून जातो, स्कूटर जात नाही. रस्त्याच्या अंगाला दांड्यांना खेटून स्कूटरींची रांग असते, बोळाच्या अंगाला एकही नसते. स्कूटरींनी जागा अडवल्यामुळे रस्त्याच्या बाजूला तेवढ्याच जागेत माणसे कमी मावतात. आता सगळी माणसे कसलाही हेतू नसताना भटकत आहेत असे धरा. शाळा सुटायच्या वेळी धरावेही लागत नाही. बोळातून रस्त्याकडे जास्त माणसे जातील, रस्त्यावरून बोळात कमी येतील. माणसे म्हणजे पाणी, स्कूटरी म्हणजे साखर, आणि दांडे म्हणजे पाठ्यपुस्तकातले निवडक्षम पारपटल. साखर पाण्याला ओढते, असे बरेच जण लिहितात. स्कूटर कोणालाही ओढत नाही, ती नुसती जागा अडवून उभी असते. पाण्याची ये-जा दोन्हीकडून चालूच असते. एका बाजूने जरा जास्त होते, एवढेच.

साहित्य: बटाटे, साखर, मीठ, पाच वाट्या, सुरी, पट्टी, थोडे बेदाणे, व्हिनेगर, वजनकाटा आणि (हे हळू आवाजात वाचावे) दोन अंडी.

वजनकाट्यावर थोडे थांबतो, कारण नवशिक्याचा निम्मा प्रयोग इथेच बुडतो. पाच सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर जाड बटाट्याची काडी साधारण पाच ग्रॅम भरते. दिवसभरात तिच्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक पडला तरी तो भरपूर झाला. स्वयंपाकघरातला काटा आधी पाच दाखवतो, नंतरही पाचच दाखवतो, आणि विद्यार्थी निष्कर्ष लिहितो की परासरण झाले नाही. मी मुंबईच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, लॅमिंग्टन रोडला जा की! पाहिजे तसला काटा मिळेल." मी चप्पल घालून गेलो. दोन चकरा मारल्यावर लक्षात आले, तो त्याच्या लॅमिंग्टन रोडबद्दल बोलत होता. मुंबईचा तो रस्ता आता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग आहे आणि इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही रस्त्यांना नाव एकाच साहेबाचे: लॉर्ड लॅमिंग्टन, १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. हुबळी तेव्हा त्याच इलाख्यात. आमच्याकडे त्यांच्या नावाची शाळाही आहे. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते आणि तिथे त्यांच्या नावाचा केक निघाला: स्पंजचा चौकोनी तुकडा चॉकलेटच्या पाकात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला.

केकची गोष्ट पाल्हाळ म्हणून सांगत नाही. स्पंज पाक पितो ते परासरण नव्हे. गिरमिटातली चुरमुरी चिंचेच्या रसात मऊ पडते तेही परासरण नव्हे. तिथे रस आणि त्यात विरघळलेले सगळेच आत शिरते. पाण्याला वाट देणारा आणि साखरेला अडवणारा शाबूत पडदा नाही. नवशिक्याला कुठलीही भिजलेली गोष्ट दिसली की तो परासरण म्हणून टाळ्या पिटतो. आधी दांडे शोधावेत, मग टाळ्या.

काटा शेवटी शेजारच्या सराफाकडे मिळाला. सोन्याच्या काट्यावर बटाट्याची काडी ५.३७ ग्रॅम भरली. सराफाने सवयीने घडणावळ विचारली. ज्यांच्या शेजारी सराफ नाही त्यांनी काडीची लांबी पट्टीने मोजावी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतो.

आता द्रावणे. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. तेवढी साखर विरघळवून एकूण द्रावण एक लिटर करायचे, लिटरभर पाण्यात तेवढी साखर ओतायची नाही. हे वाक्य दोनदा वाचावे. मी वाचले नव्हते. वाटीपुरते म्हणाल तर १०० मिलिलिटर द्रावणात अनुक्रमे शून्य, ६.८, १३.७, २०.५ आणि २७.४ ग्रॅम साखर घातली की ०, ०.२, ०.४, ०.६ आणि ०.८ मोलची पाच द्रावणे होतात. वाट्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. चव घेऊन ओळखू, असे म्हणणारी मुले आमच्या घरात आहेत आणि त्यांच्यामुळे पहिल्या दिवशी एक वाटी अर्धी झाली.

सगळ्या काड्या एकाच बटाट्याच्या, एकाच मापाच्या, साल काढलेल्या घ्याव्यात. सालीतून पाणी सहजी जात नाही. आधी वजन, मग वाटीत, मग थांबणे. काढल्यावर काडी पंचाने हलकेच टिपावी. टिपली नाही तर अंगावरचे पाणी वजनात येते, पिळली तर आतलेही जाते. टिपणे आणि पिळणे ह्यांतला फरक ज्याला कळतो तो पुढे शास्त्रज्ञ होतो, किंवा निदान धुणे नीट वाळत घालतो. फरक ग्रॅममध्ये न लिहिता मूळ वजनाच्या टक्क्यांत लिहावा, कारण काड्या कितीही जपून कापल्या तरी सारख्या होत नाहीत.

आणि आता ह्या मार्गदर्शिकेतली एकच खरी सूचना: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आमच्या पहिल्या प्रयत्नात भाचीने साखर बदलली, बटाटे अपुरे पडले म्हणून मी दोन वाट्यांत दुसऱ्या जातीच्या बटाट्याच्या काड्या घातल्या, आणि आज्जीने मधल्या तीन वाट्या वाटेत येतात म्हणून उन्हात नेऊन ठेवल्या. आकडे आले, भरपूर आले. ते कशाचे आले हे कोणालाही सांगता येईना.

दुसऱ्या खेपेला नीट जमले. साध्या पाण्यातली काडी जड आणि ताठ झाली, मोडली की कटकन आवाज. दाट पाकातली हलकी आणि मऊ, बोटाभोवती वळवता येईल इतकी. मधे कुठेतरी वजन घटतही नाही, वाढतही नाही. ते ठिकाण बटाट्यागणिक थोडे हलते, पण साधारण ०.३ मोलच्या आसपास, म्हणजे दहा टक्के साखरेच्या पाण्यापाशी येते. पुस्तकात ह्याला समपरासारी द्रावण म्हणतात. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकीच्या कारणांना एकेक दिवस पुरतो. तेवढ्याच वजनाच्या बटाट्याचे बारीक चौकोनी तुकडे केले तर पृष्ठभाग वाढतो आणि बदल लवकर होतो. कोमट पाण्यात वेग वाढतो. पण जास्त शहाणपणा करून पाणी उकळू नये. साठ अंशांच्या आसपास पेशीचा पडदाच विस्कटतो, दांडे उपटले जातात, आणि मग जे चालते ते परासरण नव्हे. खात्री करायची तर बीटाची फोड गरम पाण्यात टाका, सगळा रंग बाहेर येईल. वेळेचे म्हणाल तर सुरुवातीला भराभर, मग रेंगाळत. दर दहा मिनिटांनी काडी काढून पाहणाऱ्याचा प्रयोग कधीच पूर्ण होत नाही.

मिठाकडे वळलो तेव्हा आज्जी प्रयोगात शिरली. आमच्याकडे जोंधळ्याच्या भाकरीबरोबर कोवळ्या मेथीची पचडी असते: मेथी, कांदा, काकडी, दाण्याचे कूट, वरून फोडणी. मीठ कधी घालायचे ह्यावर घरात वाद नाही, कारण ते आज्जीने ठरवलेले आहे: पाने मांडल्यावर. भाचीने एका ताटलीत दहा मिनिटे आधी मीठ घातले. मेथी चिंध्यांसारखी बसली, तळाशी हिरवट पाण्याचे तळे. तेवढीच साखर घातलेल्या ताटलीतली मेथी बऱ्यापैकी तजेलदार होती. असे का?

मोजून पाहा. पाण्याला फरक पडतो तो कणांच्या संख्येने. साखरेचा रेणू ३४२ वजनाचा, मिठाचा साधारण साडेअठ्ठावन्न, म्हणजे तेवढ्याच वजनात मिठाचे जवळपास सहापट कण. शिवाय पाण्यात पडताच मिठाच्या एका कणाचे दोन होतात. एकूण हिशेब अकरापटीच्या वर जातो. बोळाच्या भाषेत, साखर म्हणजे एक मोटार आणि तेवढ्याच लोखंडाच्या मीठ नावाच्या अकरा स्कूटरी.

आता वहीच्या कोपऱ्यातला आकडा काढा. बटाटा दहा टक्के साखरेशी तोलतो. त्याला अकराने भागले की मिठाचे ०.९ टक्के. विद्यानगरात किम्सच्या वॉर्डात खाटेशेजारी टांगलेल्या नॉर्मल सलाईनच्या बाटलीवर हाच आकडा असतो, लिटरला नऊ ग्रॅम. आपले रक्त आणि हुबळीच्या बाजारातला बटाटा पाण्याच्या हिशेबात जवळपास एकाच पातळीवर आहेत. बटाट्याबाबत हे काटेकोर नाही, पण भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हातातला मोबाईल खाली ठेवून वाटीकडे पाहत बसली.

प्राण्यांच्या पेशीचा प्रयोग स्वतःच्या रक्तावर करू नये. तांबडी पेशी साध्या पाण्यात पडली की फुगून फुटते, म्हणून शिरेतून नुसते पाणी देत नाहीत; दाट मिठाच्या पाण्यात ती आकसून काटेरी होते. वनस्पतीची पेशी फुटत नाही, तिला पडद्याबाहेर भिंत असते. ही भिंत काय सोसते पाहा. समपरासारी द्रावण ०.३ मोलचे असेल तर साध्या पाण्याविरुद्ध त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सातपटीहून जास्त भरतो. स्कूटरच्या चाकात आपण जेमतेम दुप्पट भरतो. बटाटा हे सोसून नुसता ताठ होतो. तांबड्या पेशीपाशी पातळ पडद्याखेरीज काही नाही, उलट त्यात पाण्यासाठी खास दारेही आहेत. ती १९९२ मध्ये सापडली आणि २००३ मध्ये पीटर अ‍ॅग्रे यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. परासरणाची पहिली नोंद मात्र पार १७४८ मधली. नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काच्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधून ते पाण्यात बुडवून ठेवले, हवा लागू नये म्हणून. काही तासांनी पडदा टम्म फुगला. आज्जीला ह्यातला मद्यार्क सांगितला नाही. डुक्करही नाही.

कारण अंड्यांचाच प्रश्न सुटायचा होता. आमचे घर माध्व देशस्थ. अंडे उंबऱ्याच्या आत येत नाही, विज्ञानासाठीही नाही. तडजोड म्हणून प्रयोग गच्चीवर गेला. दोन अंडी व्हिनेगरमध्ये बुडवावीत, बुडबुडे येतात, दोन दिवसांत कवच विरघळते आणि हातात थरथरणारा पिवळसर फुगा उरतो. वजन आत्ता करावे. कवचासकट केलेले आधीचे वजन धरू नये, आणि व्हिनेगर हे बहुतांश पाणीच असल्यामुळे अंडे तिथेच थोडे फुगलेले असते हेही विसरू नये. मग एक साध्या पाण्यात, एक गुलाबजामच्या पाकात.

दुसऱ्या दिवशी पाण्यातले आणखी गलेलठ्ठ झाले होते. पाकातले ७४ ग्रॅमचे ४९ झाले: रिकाम्या बटव्यासारखे, घड्या पडलेले, बोट लावले तर ठसा राहणारे. भाची घाबरून जिन्यातून ओरडली, "आज्जी, अंडं मेलं!"

आज्जी गच्चीवर आली नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर, पदर सावरून, विजापूरच्या बेदाण्यांचे डेख काढत बसली होती. खीर करायची होती. काही बेदाणे वाटीत भिजत, फुगत होते. वर न पाहता तिने विचारले, "सुकलंय ना नुसतं?"

"हो."

"मग पाण्यात टाक की."

टाकले. दुसऱ्या दिवशी सराफाच्या काट्यावर ते ७६ भरले. हा काटा आता सोन्यासाठी वापरायचा नाही, असे सराफाच्या बायकोने त्याला बजावले आहे.