विकास झाला, सही बाकी

तालुक्याच्या छोट्या कॉलेजात निरोप समारंभाला तृतीय वर्षाचा विद्यार्थी माइक धरतो आणि स्वतःतला बदल सांगतो. आत्मविश्वास वाढला, नेतृत्वगुण आले, स्टेज डेअरिंग आलं. प्राचार्य मान डोलावतात.

विकासाचं माप ठरलेलं आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर झालं, की समाजभान पूर्ण! (डायरीवर कार्यक्रम अधिकाऱ्याची सही हवी.) शिबिरात शोषखड्डा खणताना हाताला फोड येतात, पिठलं करपतं, गावातली आजी तिखट प्रश्न विचारते. शिकायला मिळतं ते तिथेच. पण डायरीत त्याला रकाना नाही.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅककडून मूल्यांकन होणार म्हटल्यावर कॉलेज माजी विद्यार्थ्यांना शोधू लागतं. फोटो लागतात, जमल्यास सहीसुद्धा.